वयाची अट गेली, अर्ज मात्र अजून अठरा वर्षांच्या मुलाचाच आहे

प्रति,
आयुक्त, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई
आयुक्त, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य
कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय : एमबीबीएस प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या नोकरदार पालकांच्या अडचणी

महोदय / महोदया,

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च २०२२ मध्ये नीट-यूजीची, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेची, कमाल वयोमर्यादा काढून टाकली. त्याआधी खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गांना ३० वर्षांची मर्यादा होती. आता किमान १७ वर्षे पूर्ण असली की झाले. परीक्षा कितीदा द्यावी यालाही बंधन नाही. त्यामुळे स्टाफ नर्स, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी, फार्मासिस्ट, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शिक्षक, अगदी आयटीतली माणसेही आज हा अर्ज भरतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना शाळेत जाणारी मुले आहेत.

आम्ही अशा उमेदवारांचे अर्ज आणि कागदपत्रे तपासून देतो. त्यांच्यासाठी वेगळा कोटा, गुणांत सूट किंवा पात्रतेत शिथिलता मागायला हे पत्र लिहिलेले नाही. ७२० पैकी जे गुण पडतील तेवढेच मोजावेत. आमचे म्हणणे वेगळे आहे. वयाची अट एका पत्राने गेली, पण तिच्या पाठीमागची सगळी फाइल (माहिती पुस्तिका, दाखल्यांचे नमुने, वेळापत्रक, रजेचे नियम) उमेदवार अठरा वर्षांचा आहे, अविवाहित आहे आणि धावपळ करायला त्याचे आईवडील मोकळे आहेत, हे गृहीत धरून बसली आहे. पत्र उघड लिहिण्याचे कारण इतकेच की यातला बराच मजकूर उमेदवारांच्याही उपयोगाचा आहे.

सर्वांत मोठा घोळ ‘कुटुंब’ म्हणजे कोण, यात होतो. एकाच उमेदवाराला एकाच प्रवेशासाठी तीन वेगवेगळी कुटुंबे दाखवावी लागतात.

नॉन-क्रीमीलेअर दाखल्यासाठी कुटुंब म्हणजे उमेदवाराचे आईवडील. उमेदवार स्वतः काय कमावतो, त्याचा जोडीदार काय कमावतो, याचा इथे संबंध नाही. केंद्राच्या कार्मिक विभागाने ऑक्टोबर २००४ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. तरी सेतू केंद्रात विवाहित महिलेने अर्ज केला की पहिला प्रश्न येतो, ‘नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला कुठंय?’ नवरा नोकरीत असेल तर त्याचा पगार धरून अर्ज फेटाळतात किंवा त्रुटी काढून परत पाठवतात. उलटही घडते. वडील निवृत्त प्रथम श्रेणी अधिकारी, मुलगी लहान पगारावरची परिचारिका, तिने सासरचे उत्पन्न दाखवून दाखला मिळवलेला असतो आणि तो पडताळणीत टिकत नाही. अशा वेळी राखीव जागा तर जातेच, वर खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो. उमेदवारांनी लक्षात ठेवावे की विवाहित महिलेची जात आणि क्रीमीलेअर दोन्ही माहेरावरून ठरते. वडिलांची कागदपत्रे काढायला गावी जाणे आलेच.

ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखल्याचे गणित याच्या नेमके उलटे आहे. इथे कुटुंब म्हणजे उमेदवार स्वतः, त्याचे आईवडील, १८ वर्षांखालची भावंडे, जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुले. या सगळ्यांचे मागच्या आर्थिक वर्षाचे सर्व मार्गांनी आलेले उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे आणि त्यात पगार धरला जातो. नवरा-बायको दोघे नोकरीत आणि घरात निवृत्तिवेतन घेणारे वडील असले की ही मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. अठरा वर्षांच्या मुलासाठी या व्याख्येत जोडीदाराची ओळ रिकामी राहते. पस्तिशीतल्या उमेदवाराला ती भरावी लागते, पण हे त्याला कागदपत्र पडताळणीच्या दिवशी कळते. राज्याच्या जागांसाठी राज्याचा नमुना आणि अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांसाठी केंद्राचा नमुना, असे दोन दाखले लागतात. दोन्ही १ एप्रिलनंतरच काढायचे, कारण आधी काढला तर आर्थिक वर्ष चुकते.

तिसरे कुटुंब शुल्कमाफीचे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट एकच, पालकांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख किंवा त्याहून कमी. आता ३४ वर्षांच्या, दोन मुलांच्या आईचे ‘पालक’ कोण? पासष्टीतले वडील की तिचा नवरा? शासन निर्णयात याचे उत्तर नाही, म्हणून प्रत्येक महाविद्यालयाचा लिपिक आपापले उत्तर देतो. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरच्या अर्जात वडील हयात आहेत का, आई हयात आहे का, ते काय करतात, हे विचारले जाते. तिची स्वतःची नोकरी कालपरवापर्यंत चालू होती आणि प्रवेशासाठी तिने ती सोडली, हे सांगायला जागा नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत लाभ कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरता आहे. मग हिच्या मोठ्या दोन भावंडांनी पंधरा वर्षांपूर्वी लाभ घेतला असेल तर ही तिसरी ठरते का? गंमत वाटेल, पण प्रश्न खरा आहे आणि त्यावर वार्षिक शुल्काची अख्खी रक्कम अवलंबून आहे.

आमची मागणी एका पानाची आहे. माहिती पुस्तिकेत एक तक्ता छापा : कोणत्या दाखल्यासाठी कोणाचे उत्पन्न, कोणत्या वर्षाचे, विवाहित पुरुष, विवाहित महिला, विधवा आणि घटस्फोटित यांच्यासाठी वेगवेगळे. तोच तक्ता महसूल विभागामार्फत सेतू केंद्रांना पाठवा. शुल्कमाफीतल्या ‘पालक’ या शब्दाचा खुलासा शुद्धिपत्रक काढून करा. उत्तर काहीही असो, ते सगळीकडे एक असू द्या.

दुसरी मोठी अडचण नावाची. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, त्यामुळे नीटच्या अर्जात तेच. जातीचा दाखला आणि जात वैधता माहेरच्या नावाने. आधार सासरच्या नावाने, म्हणून आधारवरून निघालेला वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखलाही सासरच्या नावाने. महाडीबीटी नाव आधारवरून उचलते, म्हणजे गुणवत्ता यादीत एक बाई आणि शिष्यवृत्तीच्या यादीत दुसरी. पैसे जमा होणारे खाते तिसऱ्याच स्पेलिंगचे असले तर बघायलाच नको.

यावर उपाय काय, हे प्रत्येक पडताळणी केंद्र वेगळे सांगते. कुठे विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुरते, कुठे त्यासोबत प्रतिज्ञापत्र मागतात, कुठे राजपत्रच हवे म्हणतात. राजपत्रातल्या नोंदीने दहावीचे प्रमाणपत्र बदलत नाही, त्यामुळे ते मागून नेमके काय सिद्ध होते हे आम्हाला समजलेले नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे एका ठरावीक नमुन्यातले प्रतिज्ञापत्र, एवढे पुरेसे मानावे आणि तो नमुना पुस्तिकेला परिशिष्ट म्हणून जोडावा. अनेक जोडप्यांनी विवाह नोंदणी केलेलीच नसते. अशांनी नीटचा अर्ज भरायच्या आधीच ती करून घ्यावी, निकालानंतर त्या धावपळीला वेळ उरत नाही.

शैक्षणिक खंडाच्या, म्हणजे बारावीनंतर मध्ये गेलेल्या वर्षांच्या, प्रतिज्ञापत्राचेही तसेच. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या छापील नमुन्यात ‘बारावीनंतर मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही’ असे वाक्य असते. वर्षभर घरी बसून नीटची तयारी करणाऱ्या मुलासाठी ते ठीक आहे. बारावीनंतर जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग करून दहा वर्षे नोकरी केलेल्या माणसाने ते न वाचता सही केले, तर त्याने शपथेवर खोटे लिहून दिले असे होते. अशा उमेदवाराने वर्षनिहाय लिहावे : अमुक ते अमुक शिक्षण, पुढे अमुक ते अमुक नोकरी, मधला रिकामा काळ असेल तर तोही. नोटरी चालेल की कार्यकारी दंडाधिकारीच हवेत, हेही महाविद्यालयागणिक बदलते. आपण ठरवून टाका.

शाळा सोडल्याचा दाखला हा यातला शेवटचा अडसर. प्रवेशाच्या वेळी शेवटच्या संस्थेचा मूळ दाखला लागतो. नर्सिंग केलेल्याची शेवटची संस्था नर्सिंग महाविद्यालय असते, बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय नव्हे. तिथून दाखला काढलेलाच नसतो, कारण नोकरीला तो कोणी मागत नाही. शेवटची पदवी आरोग्य विज्ञान विद्यापीठाखेरीज दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्रही हवे. शिवाय काही खासगी रुग्णालये रुजू होताना परिचारिकांच्या मूळ गुणपत्रिका स्वतःकडे ठेवून घेतात आणि नोकरी सोडताना अडवतात. हे बेकायदा आहे एवढे म्हणून भागत नाही. प्रवेशाच्या खिडकीवर उभ्या असलेल्या बाईच्या हातात त्या दिवशी मूळ कागद नसतो. मूळ कागदपत्रे सादर करायला हमीपत्रावर १५ दिवसांची मुदत द्यावी आणि तोवर तिचा प्रवेश तात्पुरता ग्राह्य मानावा.

आता वेळापत्रकाकडे येतो. २०२४ मध्ये नीटचा निकाल ४ जूनला लागला, वाद झाला, सुधारित अंतिम निकाल २६ जुलैला आला आणि अखिल भारतीय समुपदेशन ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाले. त्या वर्षीचा गोंधळ आपल्या हातातला नव्हता, हे मान्य. पण नोकरदार माणसाला एक ते तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. जागा मिळेलच याची खात्री नसताना तो जूनमध्ये राजीनामा देऊ शकत नाही, आणि निवड यादी लागल्यावर रुजू व्हायला मोजके दिवस मिळतात, त्यातही शनिवार-रविवार आणि सण येतात. त्या दिवसांत नोटीस, कार्यमुक्तीचा आदेश, शुल्काचा डीडी, वैद्यकीय तंदुरुस्तीचे विहित नमुन्यातले प्रमाणपत्र आणि प्रवास, सगळे बसवायचे. शासकीय कर्मचाऱ्याला विभागप्रमुखाचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते आणि ती फाइल कशी हलते हे आपल्याला आम्ही सांगायला नको.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. रुजू होण्याची मुदत कामकाजाच्या दिवसांत मोजावी, किमान सात. आणि महाविद्यालयांना कळवावे की रुजू होताना कार्यमुक्तीचा आदेश हातात नसेल तर राजीनाम्याची पोच असलेली प्रत घेऊन प्रवेश द्यावा, आदेशाला ३० दिवसांची मुदत द्यावी. यादी रात्री उशिरा आणि रुजू होणे दुसऱ्या दिवसापासून, ही पद्धत बंद झाली तर अठरा वर्षांच्या मुलांचे आईबापही दुवा देतील.

फेऱ्यांचे नियम पालकांना जरा जास्तच बोचतात. पहिल्या फेरीत जागा घेऊन पुढच्या फेरीत वरचा पसंतीक्रम मिळाला की आधीची जागा आपोआप जाते. घराजवळचे महाविद्यालय तिसऱ्या क्रमांकावर आणि नावाजलेले पण दूरचे पहिल्या क्रमांकावर टाकले, तर ऑगस्टमध्ये मुलाला एका शाळेत घातलेले आणि सप्टेंबरमध्ये आई दुसऱ्या टोकाला, असे होते. आज नंदुरबार, गडचिरोली, हिंगोली, वाशीम, सिंधुदुर्ग इथे शासकीय महाविद्यालये आहेत. ही चांगली गोष्ट आहे, पण यादी भरताना नकाशा समोर हवा. जिथे घर हलवणे शक्यच नाही ते महाविद्यालय पसंतीक्रमात टाकू नये. मिळालेली जागा कायम ठेवायची असेल तर रुजू होताना स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरून द्यावा, मात्र तो दिला की पुढच्या फेऱ्यांची दारे बंद होतात. केंद्रीय समुपदेशनात तर दुसऱ्या फेरीपासून मिळालेली जागा सोडली की अनामतही जाते, खुल्या प्रवर्गाची १० हजार आणि राखीव प्रवर्गांची ५ हजार. अभिमत विद्यापीठांसाठी भरलेली अनामत २ लाखांची असते, तिथे तर विचार करूनच बटण दाबावे.

काही नियमांत तर उमेदवार स्वतः कमावता असू शकतो ही कल्पनाच नाही. संरक्षण दलाच्या राखीव जागा माजी आणि कार्यरत सैनिकांच्या पाल्यांसाठी आहेत. पंधरा वर्षे सेवा करून पस्तिशीच्या आसपास निवृत्त झालेला, सैन्यात नर्सिंग असिस्टंट म्हणून काम केलेला जवान स्वतः अर्ज करतो तेव्हा तो या जागांना पात्र नाही, त्याचा दहावीतला मुलगा दोन वर्षांनी पात्र होईल. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या महाविद्यालयांतला कोटाही विमाधारकांच्या पाल्यांचा, विमाधारकाचा नव्हे. बदलीने महाराष्ट्रात आलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना दहावी राज्याबाहेरून झाली असली तरी चालते, कर्मचारी स्वतः उमेदवार असेल तर काय, यावर पुस्तिका गप्प आहे. विमा महामंडळाचा विषय केंद्राचा आहे, पण राज्याच्या नियमांत ‘पाल्य’ या शब्दाआधी ‘स्वतः किंवा’ हे दोन शब्द घालण्याचा प्रस्ताव आपण पाठवू शकता.

बारावीला जीवशास्त्र सोडून गणित घेतलेल्यांसाठी थोडक्यात. आयोगाच्या नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेनुसार बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेला उमेदवारही पात्र आहे. राज्य मंडळाकडे ‘तुरळक विषय’ म्हणून अर्ज करता येतो. अडते ते प्रात्यक्षिकाला. जीवशास्त्राचे १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि त्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयाने प्रयोगशाळेत उभे करून घ्यावे लागते. अनेक महाविद्यालये बाहेरच्या प्रौढ उमेदवाराला नाही म्हणतात. भौतिक, रसायन, जीव मिळून खुल्या प्रवर्गाला ३०० पैकी १५०, राखीव प्रवर्गांना १२० गुण लागतात, त्यामुळे जीवशास्त्र काठावर काढून भागेलच असे नाही. आधी जुन्या गुणपत्रिकेवर बेरीज करून पाहावी.

प्रवेश मिळाल्यानंतरचा विषय खरे तर वेगळ्या पत्राचा आहे, पण अर्ज करायचा की नाही हे त्यावरच ठरते, म्हणून लिहितो. एमबीबीएस ५४ महिन्यांचे, त्यावर १२ महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप), एकूण साडेपाच वर्षे. राज्य सेवेच्या रजा नियमांत अध्ययन रजा संपूर्ण सेवेत २४ महिने, आणि कोणतीही रजा जोडून सलग पाच वर्षांपेक्षा जास्त गैरहजर राहता येत नाही. सहा महिन्यांनी हुकते. म्हणून शासकीय रुग्णालयातल्या परिचारिकेला राजीनामा द्यावा लागतो आणि राजीनाम्याबरोबर मागची सेवा जप्त होते. पुढे तीच व्यक्ती शासकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यायला त्याच आरोग्य खात्यात परत येते, तेव्हा तिची आधीची दहा वर्षे कुठेच मोजली जात नाहीत. आंतरवासितेचे बारा महिने सलग गैरहजेरीतून वगळावेत, अशी शिफारस वैद्यकीय शिक्षण आयुक्तांनी वित्त विभागाकडे करावी. आंतरवासितेत ती शासकीय रुग्णालयातच काम करत असते. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीतही दोघे सेवेत असण्याची अट आहे. एक विद्यार्थी झाला की दुसऱ्याचा हक्क संपतो, यावरही विचार व्हावा.

कुलगुरूंकडे मागणे हजेरीचे. लेखी परीक्षेला बसण्यासाठी तासिकांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती हवी, पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला चार संधी आणि संपूर्ण अभ्यासक्रमाला नऊ वर्षांची कमाल मर्यादा, हे आयोगाचे नियम आहेत. ते आपण बदलू शकत नाही आणि डॉक्टर घडवताना ते सैल करावेत असे आम्ही म्हणतही नाही. पण मुलाला कांजिण्या झाल्या म्हणून हुकलेली वॉर्ड पोस्टिंग सुटीच्या काळात भरून काढू देणे विद्यापीठाच्या हातात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना विद्यार्थिनींच्या प्रसूती आणि बालसंगोपन रजेचे आणि हजेरीतल्या सवलतीचे नियम करायला सांगितले आहे. वैद्यकीय महाविद्यालयांसाठी अशी परिनियमावली आपण काढावी आणि बुडालेल्या पोस्टिंगची भरपाई कोणत्या विभागात, किती दिवसांत, हे तीत लिहावे. विभागप्रमुखाच्या मर्जीवर ते सोडू नये.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय या संख्येच्या कितीतरी पुढे आहे. मात्र कायद्यातला हक्क कर्मचारी आईचा आहे, विद्यार्थिनीचा किंवा आंतरवासिता करणाऱ्या डॉक्टरचा नाही. जिथे पाळणाघर चालू आहे तिथे उरलेल्या जागा विद्यार्थी पालकांना, आई असो वा बाप, शुल्क घेऊन द्याव्यात. वसतिगृहातही विवाहित विद्यार्थ्यांसाठी काही खोल्या ठेवणे शक्य आहे का हे पाहावे. शक्य नसेल तर निदान वसतिगृहाची सक्ती आणि त्याचे शुल्क त्यांच्यावर लादू नये.

यातल्या बहुतेक गोष्टींना विधिमंडळात जावे लागत नाही. पुढच्या माहिती पुस्तिकेचा मसुदा तयार होण्यापूर्वी उत्पन्नाचा तक्ता, नावाच्या आणि खंडाच्या प्रतिज्ञापत्रांचे नमुने आणि रुजू होण्याची कामकाजाच्या दिवसांतली मुदत, एवढे चार मुद्दे तरी घेता येतील का, याचे लेखी उत्तर नोंदणी सुरू होण्याआधी मिळावे. नकार असेल तर तोही कळवावा, म्हणजे उमेदवारांना त्याप्रमाणे कागद जमवता येतील.

आपले,
नोकरदार पालकांना वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जात साहाय्य करणारे काही नागरिक